‘पुढचा शब्दच तर ओळखतो!’

‘संगणकाला माणसाची भाषा कधीच समजणार नाही. तो फक्त पुढचा शब्द ओळखतो. अर्थ त्याला ठाऊक नसतो. सत्तर वर्षं हेच गाजर दाखवलं जातंय. आणि ज्याला शरीर नाही त्याला भाषा कुठून येणार?’ अशा अर्थाचा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. चारही नाणी खणखणीत दिसतात. वाजवून पाहू.

‘फक्त पुढचा शब्द.’ यातला ‘फक्त’ फसवा आहे. ‘चषक डब्यात मावेना, कारण तो फार मोठा होता.’ मोठा कोण? चषक. आता ‘मोठा’च्या जागी ‘लहान’ घाला. ‘तो’ म्हणजे लगेच डबा. व्याकरण तसूभर हललं नाही. कोणती वस्तू कशात मावते हे ठाऊक आहे, म्हणून आपल्याला फरक कळला. अशा इंग्रजी वाक्यजोड्यांची परीक्षा संशोधकांनी २०१२ साली मांडली आणि पुढच्या दशकभरात भाषा मॉडेल्सनी, म्हणजे ढीगभर मजकुरावरून पुढचा शब्द ओळखायला शिकलेल्या संगणक-प्रणालींनी, तिच्यात नव्वद टक्क्यांपुढे मजल मारली. त्या गुणांवर मी फार नाचणार नाही, कारण त्यातली काही वाक्यं नुसत्या शब्दांच्या सोबतीवरूनही सुटतात हे नंतर उघड झालं. पण एक गोष्ट मराठी माणसाला चटकन पटेल. डब्याऐवजी पेटी घेतली तर मराठीत ही परीक्षाच फुटते, लिंगावरूनच उत्तर कळतं. इंग्रजीत मात्र दोघांनाही ‘इट’च. मग तेच इंग्रजी वाक्य मराठीत आणताना ‘तो मोठा होता’ लिहायचं की ‘ती मोठी होती’? प्रश्न पुढच्या शब्दाचाच आहे, आणि मोठं कोण हे उमगल्याशिवाय तो शब्द बरोबर पडत नाही. पडलाच तर नशिबाने, आणि नशीब हजार वाक्यं टिकत नाही.

‘अर्थ ठाऊक नसतो.’ पुरावा म्हणून तत्त्वज्ञ जॉन सर्लची १९८० सालची चिनी खोली पुढे केली जाते: चिनी न येणारा माणूस बंद खोलीत बसून नियमांच्या पुस्तकावरून चिनी प्रश्नांना चिनीत उत्तरं देतो. हा कल्पनाप्रयोग आहे, सिद्धता नाही. समज त्या माणसात नसली तरी सबंध खोलीत आहे, हा आक्षेप तेव्हाच आला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, खोलीतून येणारी उत्तरं बिनचूक आहेत हे सर्लने गृहीतच धरलंय. तेव्हा ‘यंत्राला हे कधी जमणारच नाही’ म्हणणाऱ्यांनी त्याला साक्षीला बोलावू नये.

सत्तर वर्षांचा हिशेब मात्र खरा आहे. ७ जानेवारी १९५४ रोजी जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी साठहून अधिक रशियन वाक्यं यंत्राकडून इंग्रजीत आणून दाखवली. तीन-पाच वर्षांत प्रश्न सुटेल असं तेव्हा सांगितलं गेलं. १९६६ साली अमेरिकेतल्याच समितीने त्या आशेवर पाणी ओतलं. पण त्या प्रात्यक्षिकाची शिदोरी किती? अडीचशे शब्द आणि हाताने लिहिलेले सहा नियम. आपलं एकटं ‘लागणे’च बघा: भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, वेडही लागतं. सहा नियम इथेच संपले असते. हरली ती नियम हाताने लिहिण्याची पद्धत. आजची मॉडेल्स लाखो वाक्यांतून ‘लागणे’ची संगत स्वतः शिकतात.

शेवटचा मुद्दा, शरीराचा. तो मला अर्धा मान्य आहे. अर्धाच, कारण जन्मांध माणूसही ‘लाल’ आणि ‘निळा’ अचूक वापरतो. पाहून शिकलेला नसतो, ऐकून शिकतो. शिवाय २०२२ मधला ओथेल्लोचा प्रयोग आहे. आठ बाय आठ घरांच्या या खेळाच्या नुसत्या चालींच्या याद्या एका मॉडेलला शिकवल्या. पट दाखवला नाही, नियम सांगितले नाहीत. आत डोकावल्यावर कुठल्या घरात कोणाची सोंगटी आहे याचा नकाशाच तयार झालेला सापडला. तो नकाशा आतल्या आत बदलला की पुढची चालही बदललेल्या पटाला धरून येते. नुसत्या पोपटपंचीने हे होत नाही.

पण पट वेगळा आणि भूक वेगळी. ‘भूक लागली’नंतर माणसं काय बोलतात हे यंत्र शिकलं, पोटात काय होतं ते शिकायला त्याच्याकडे पोटच नाही. मूळ मजकूर एवढ्यावर थांबला असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो.