५८ की ६०? आधी शेवटच्या पगाराचं गणित सोडवा

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करा, ही मागणी महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा होते. केंद्राने १९९८ मध्येच ६० केलं, असं संघटना म्हणतात. जागा अडतील, असं नोकरी शोधणारे तरुण म्हणतात. शेवटच्या तारखेपर्यंत पूर्ण काम आणि दुसऱ्या दिवशी शून्य, हे मात्र दोघांनीही मान्यच केलेलं असतं. जर्मनीतून हा वाद पाहताना मला तेच खटकतं.

इथे हळूहळू थांबता यावं म्हणून वयाच्या ५५ पासून मालकाशी करार करून कामाचे तास निम्मे करता येतात. पूर्ण पगार ४,००० युरो असेल तर निम्म्याचे २,००० आणि त्यावर मालकाची किमान २० टक्के भर, असे २,४००. पेन्शनची वर्गणी मात्र निदान ३,६०० युरोंवर भरली जाते. जादा वर्गणी मालक भरतो. हा कायदेशीर हक्क नाही, मालकाची किंवा सामूहिक कराराची संमती लागते. आणि बहुतेक लोक कराराचा पहिला अर्धा काळ पूर्णवेळ काम करून उरलेला अर्धा घरी बसतात. मग हळूहळू थांबणं राहिलं कुठे?

तरीही ही सोय चालते, कारण जर्मन पेन्शन सगळ्या कारकिर्दीच्या कमाईवर ठरते. दोन-तीन कमी पगाराची वर्षं तिथे फारशी जाणवत नाहीत. आपल्याकडे खासगी नोकरीतली ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात: सेवेच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिन्याचे २६ दिवस धरून. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ६०,००० रुपये, सेवा ३० वर्षं: ६०,००० × १५ ÷ २६ × ३०, म्हणजे सुमारे १०.३८ लाख. शेवटची दोनच वर्षं ३०,००० वर अर्धवेळ काढली, तर सुमारे ५.१९ लाख. २८ वर्षांच्या पूर्ण कामाचे पैसेही निम्म्या दराने! कोण तयार होईल?

अपंगत्वामुळे कमी पगारावर आलेल्या कामगाराचा आधीचा काळ आधीच्याच पगाराने मोजायचा, अशी तरतूद आपल्या कायद्यात आहे. स्वेच्छेने तास कमी करणाऱ्यालाही ती लागू व्हावी, आणि रिकाम्या झालेल्या अर्ध्या वेळेवर नवा माणूस घ्यावा. तरुणांच्या आक्षेपाला तेच खरं उत्तर आहे.

तोवर अर्धवेळ होणाऱ्याने मालकाकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. ग्रॅच्युइटी पूर्णवेळ पगारावर मोजली जाईल, ही पहिली. कायद्याहून चांगल्या अटी करारात घालता येतात. दुसरी, कोणती कामं अंगावरून उतरणार त्यांची यादी. ती नसेल तर पगार निम्मा होतो आणि काम तेवढंच राहतं.