कॉपरबँड जेवला का?

आमच्या घरात सध्या सगळे दबक्या आवाजात बोलतात. कोणी आजारी नाही. कॉपरबँड जेवत नाहीये.

कॉपरबँड म्हणजे केशरी पट्ट्यांचा, चिमट्यासारख्या लांब तोंडाचा बटरफ्लायफिश, घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळायचा समुद्री मासा. दिसायला देखणा, आणि पानावर बसला की मुलाकडच्या मंडळींपेक्षा कडक. म्हणून दुकानातच त्याला आपल्यासमोर खाऊ घालायला सांगावं. ‘आत्ताच खाल्लंय साहेब’ असं उत्तर आलं, तर नमस्कार करून निघावं. डोक्यामागचं मांस खपाटीला गेलेला मासा फुकट मिळाला तरी महागच पडतो.

माशाची पिशवी घरी आली की हवेच्या पंपाच्या बारीक नळीला सैल गाठ मारायची आणि पिशवीत सेकंदाला दोन-तीन थेंब टाकीचं पाणी सोडत बसायचं, असं कोणीही सांगेल. कोळंबी आणि तारामाशांसाठी ते उत्तमच, कारण क्षारतेतला फरक त्यांना सोसत नाही. दीड-दोन तास खुशाल बसावं. पण रात्रभर पिशवीत प्रवास केलेल्या माशाला हाच पाहुणचार नडतो. बंद पिशवीत त्याच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरलेला असतो. त्यामुळे साठलेला अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात गप्प पडून असतो, आणि ते फारसं बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. आपण मात्र स्टुलावर बसून भक्तिभावाने थेंब मोजतोय!

म्हणून मी आधी पाणी जुळवून ठेवतो. दुकानात किती खारट पाणी आहे ते विचारायचं. बऱ्याच ठिकाणी त्याचं विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचं माप) १.०१८ ते १.०२० असतं. क्वारंटाइन टाकी, म्हणजे नव्या माशाला आधी वेगळं ठेवायची छोटी टाकी, हीही तेवढ्यावरच ठेवायची. बंद पिशवी २० मिनिटं तरंगू द्यायची, मग उघडून मासा डब्याने उचलून टाकीत आणि पिशवीचं पाणी मोरीत. पुढे रोज ०.००१ ने चढवत मुख्य टाकीच्या १.०२५ ला पोचायचं. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणाने तपासलेला हवा, नाहीतर चूक होते आणि तीही तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक.

क्वारंटाइन टाकी दिसायला दरिद्रीच. तळाला वाळू नाही. आत हीटर, मुख्य टाकीच्या संपमध्ये (खालच्या गाळणीच्या टाकीत) महिनाभर मुरवलेला स्पंज फिल्टर आणि लपायला चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, “प्लंबिंगचं काम काढलंय का?”

पहिला दिवस दिवा बंद, जेवण बंद, डोकावणं बंद. यातलं तिसरं कोणालाच जमत नाही. दुसऱ्या दिवशी जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. ते वळवळतात म्हणून माशाचं तोंड उघडतं, पण पोषण बेताचंच. म्हणून त्यातच गोठवलेली मायसिस, म्हणजे इवलीशी कोळंबीसारखी, मिसळायची. ती टाकीच्याच पाण्यात वितळवून, गाळून घ्यायची आणि सिरिंजने त्याच्या नाकासमोर चार-चार सोडायची. दिवसातून तीनदा. उरलेली लगेच नळीने ओढून काढायची.

एवढं करून रुसवा गेला नाही, तर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. बाजारात कोळीणबाई वाटा पुढे करते आणि आपण म्हणतो, “सहाच द्या.” त्यावर तिची जी नजर पडते, ती पगारवाढ नाकारणाऱ्या साहेबाचीही नसते. तिसऱ्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायच्या, सकाळी एकीची वरची शिंपली काढायची आणि उरलेली अर्धी पाइपला टेकवून ठेवायची. कॉपरबँडचं तोंड भेगांतून टिपून खाण्यासाठीच घडलेलं असल्यामुळे तरंगत्या दाण्यापेक्षा हे त्याला चटकन कळतं. दोन-तीन तासांत शिंपली बाहेर, नाहीतर एवढ्याशा पाण्यात अमोनिया चढलाच. त्या दिवशी आम्हाला वरणभात.

पुढे चार-सहा आठवड्यांनी मुख्य टाकीत जायचं तर तिथे आमचा जुना मासा, पिवळा टँग, मालकी गाजवत बसलाय. नव्याला तीन-चार दिवस भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ठेवायचं आणि काचेला दुसऱ्या टोकाला बाहेरून आरसा चिकटवायचा. टँग आपल्याच प्रतिबिंबावर शेपटी उगारत राहतो. अशी भांडणं आमच्या सोसायटीच्या सभेतही होतात, फक्त तिथे आरसा लागत नाही.

पण ते पुढचं. आज सहावा दिवस. सकाळी त्याने एक मायसिस तोंडात घेतली, चावली, थुंकली आणि मग मान वाकडी करून तिच्याकडेच बघत राहिला. मिक्सर लावू नका, प्लीज.