ग्राफिक्स कार्ड गेलेलं नाही सर, मोजमाप आमचं चुकलं

सर, नमस्कार.

आमच्या दुकानाला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढता ओढता वाचला. सोबतचं सगळं दोनदा वाचलं नि शटर परत वर केलं. ते का, ते पुढं सांगतो.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात मांडतो. जुना लॅपटॉप आमच्याकडं दिलात. आम्ही एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवली, रॅम वाढवली, विंडोज सेव्हन काढून त्याजागी लिनक्स मिंट या यंत्रणेची माटे आवृत्ती टाकली, त्यावर तुम्ही सांगितलेलं काँपिझ (खिडक्यांना सावल्या, झूम असले इफेक्ट देणारा प्रोग्रॅम) चालू करून दिलं आणि ₹३,४०० घेतले. दुकानात सगळं नीट चाललं. घरी दुसरा मॉनिटर जोडला की इफेक्ट गायब. तीन हेलपाटे झाले. तिसऱ्या वेळी काउंटरवर ऐकायला मिळालं, "ग्राफिक्स कार्ड गेलंय, आता नवीनच घ्या." वर चार जीबी रॅमचे पैसे घेऊन मशीन सव्वातीनच दाखवतंय. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, "आतला चांगला पार्ट काढून जुना घातला असावा."

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते लागलं. बाकीचं जवळजवळ सगळं मला मान्य आहे, हे मान्य नाही. तुमच्या लॅपटॉपला काढता-घालता येईल असं ग्राफिक्स कार्डच नाही. इंटेलचा ९४५जीएम चिपसेट (बोर्डावरचे भाग एकमेकांना जोडणारी चिप) आहे, २००६ च्या आसपासचा. ग्राफिक्स त्या चिपच्या पोटातच आहे, त्याला जीएमए ९५० म्हणतात. त्याची स्वतःची मेमरीही नसते, रॅममधलीच उसनी घेऊन काम चालतं. चिप बोर्डाला सोल्डर केलेली असते. ती बदलायची तर बोर्ड काढून यंत्रावर तापवावा लागतो आणि असल्या जुन्या मशीनसाठी तो उद्योग कोणी चोरीच्या इराद्यानंसुद्धा करणार नाही. त्या चिपची आज बाजारात किंमतच नाही सर. एवढं वाक्य मागं घेतलंत तर बरं वाटेल. नाही घेतलंत तरी पुढचं सगळं करणारच आहे.

आता आमची चूक. ग्राफिक्स कार्ड गेलेलं नाही. ते गेलं असतं तर स्क्रीनवर रेघा आल्या असत्या, रंग विस्कटले असते, नाहीतर मशीन चालूच झालं नसतं. तुमच्याकडं तर दोन्ही पडदे स्वच्छ दिसतात, फक्त इफेक्ट जातात. त्यावरूनच आम्हाला कळायला हवं होतं.

झालं असं. काँपिझ दोन पडद्यांचा मिळून एकच मोठा कागद धरतं आणि त्यावर थ्रीडीनं चित्र काढतं. तुमच्या चिपचा थ्रीडीचा भाग मात्र २०४८ पिक्सेलच्या (पडद्यावरच्या ठिपक्यांच्या) पुढं जात नाही, ना रुंदीला ना उंचीला. इचलकरंजीत मागाच्या रुंदीपेक्षा मोठा पन्हा निघत नाही, तसंच हे. फरक एवढाच की इथं लांबीलाही तेवढाच आकडा. तुमचा लॅपटॉप १२८० बाय ८०० आणि घरचा मॉनिटर १३६६ बाय ७६८. शेजारी शेजारी ठेवले की रुंदी होते २६४६. कागद मोठा झाला, काँपिझ उभंच राहात नाही, मग साधा विंडो मॅनेजर (इफेक्टशिवाय नुसत्या खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम) चालू होतो. सावल्या, पारदर्शकपणा, झूम, सगळं एकदम जातं. साधं चित्र दाखवायला ही २०४८ ची अट लागत नाही, म्हणून पडदे मात्र झकास चालू राहतात. आणि यातच भलेभले फसतात, आम्हीही फसलो.

दुकानात आम्ही एकाच पडद्यावर तपासलं. १२८० म्हणजे २०४८ च्या खूप आत, सगळं पळत होतं. तुम्ही मशीन देताना "घरी दुसरा स्क्रीन आहे" म्हणाला होता, ते जॉबकार्डवर पेन्सिलनं लिहिलेलंही आहे. ते कोणी वाचलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या खेपेला आमच्या मुलानं दोन्ही पडदे १०२४ बाय ७६८ वर आणून दिले. १०२४ आणि १०२४, बरोबर २०४८. हिशोब त्याला कुठूनतरी माहीत होता आणि इफेक्ट आलेही. पण दोन्ही पडदे रुंद आणि चित्र जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचं. अक्षरं आडवी फुगली, कडा पुसट झाल्या. तुम्ही लिहिलंय, "ळ आणि ल ओळखायला चष्मा काढून डोळे चोळावे लागत होते." मोडी कागद वाचणाऱ्या तुमच्यासारख्या माणसाच्या पुढ्यात असं मशीन ठेवायचं म्हणजे काम झालं असं मी म्हणणार नाही. आणि तिसऱ्या खेपेचं काय बोलू. त्याला पुढचं सुचलं नाही, म्हणून त्यानं कार्ड गेल्याचं सांगून टाकलं. पोरगं वाईट नाही, नवीन आहे. "माहीत नाही, मालकांना विचारून सांगतो" असं म्हणायची सवय मी त्याला लावायला हवी होती.

आता शटर परत का उघडलं ते. तुम्ही लिहिलंय की हे इफेक्ट तुम्हाला शोभेसाठी नकोत. एका पडद्यावर मोडी कागदाचा स्कॅन, दुसऱ्यावर त्याचं बाळबोधमध्ये लिप्यंतर. सुपर बटण (विंडोजच्या चिन्हाचं) दाबून माऊसचं चाक फिरवलं की जिथं कर्सर आहे तोच पडदा मोठा होतो, दुसरा तसाच राहतो. आणि संध्याकाळी डोळे दुखले की सुपर आणि एन दाबून तेवढी खिडकी उलट्या रंगात, काळ्यावर पांढरं. खरं सांगतो, आमच्याकडं इफेक्ट मागणारं गिऱ्हाईक म्हणजे फिरणारा क्यूब नि जेलीसारख्या हलणाऱ्या खिडक्या. कॉलेजची पोरं. तुमचंही काम आम्ही त्याच खात्यात टाकलं, "होईल तेव्हा होईल" म्हणून. मोडीतली एकमेकांत अडकलेली अक्षरं सोडवायला कोणी ते वापरत असेल, हे डोक्यातच आलं नाही. एका मुलानं तुम्हाला "फोटो बघायच्या प्रोग्रॅममध्येच झूम करा की" असंही सांगितलं म्हणे. त्यानं कागद मोठा होईल, पण टाइप करतोय ती ओळ नि मेन्यू तेवढेच बारीक राहतील, हे त्याला बिचाऱ्याला समजलं नाही.

तर काल रात्री मागच्या फळीवरून ९४५ चाच एक पडीक लॅपटॉप काढला, तुमच्यासारखाच १२८० बाय ८०० चा. त्याला दुकानातला साडेअठरा इंची मॉनिटर जोडला. शेजारी ठेवला, काँपिझ चालू केलं, लगेच पडलं. जीएलएक्सइन्फो या ग्राफिक्सची माहिती देणाऱ्या प्रोग्रॅमला विचारलं, त्यानं टेक्श्चरची (म्हणजे त्या थ्रीडीच्या कागदाची) कमाल मर्यादा २०४८ म्हणून सांगितली. मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॉनिटरचा चौकोन माऊसनं धरून लॅपटॉपच्या चौकोनाच्या वर नेऊन ठेवला. एवढंच. रुंदी झाली १३६६, उंची ८०० आणि ७६८ मिळून १५६८. दोन्ही २०४८ च्या आत. काँपिझ परत चालू केलं, खिडकी धरून हलवली तर डुलली. सुपर धरून चाक फिरवलं, वरचा पडदा मोठा झाला, खालचा जसाच्या तसा. दोन्हीकडं पूर्ण रिझोल्यूशन, अक्षरं धारदार. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. सुरुवातीपासून वीस मिनिटांचं काम होतं, आणि आम्ही तुम्हाला तीन खेपा घालायला लावल्या.

यात एक गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल. मॉनिटर टेबलावर शेजारी असला तरी मशीनला तो वर आहे असंच सांगावं लागतं. कर्सर उजवीकडं नेऊन पलीकडं जाणार नाही, वर ढकलावा लागेल. सवय होते, पण पहिले दोन दिवस चिडचिड होईल. त्यापेक्षा मॉनिटर खरंच लॅपटॉपच्या मागं उंचावर ठेवलेला बरा. जेवायला बसतो तो लाकडी पाट त्याच्याखाली घेतला की पुरतं. मी रात्री तसंच करून पाहिलं, लॅपटॉपच्या झाकणावरून वरचा पडदा पूर्ण दिसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. काँपिझ चालू असताना मॉनिटर जोडला की मशीन आपल्या मनानं तो शेजारी लावतं आणि पुन्हा तेच रामायण. म्हणून आधी मॉनिटर जोडायचा, मग मशीन चालू करायचं. लॉगिन झालं की मांडणी आपोआप वर-खाली होऊन मग काँपिझ सुरू होईल अशी सोय करून देतो, तुम्हाला काही दाबावं लागणार नाही.

"विंडोज सेव्हनवर हेच दोन पडदे चालत होते," हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. ती यंत्रणा प्रत्येक पडद्याचं चित्र वेगळं रंगवते, त्यामुळं बेरजेचा प्रश्न येत नाही. पण सेव्हनचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि तुम्ही त्यावर बँकेचंही काम करत होता, म्हणून मी ते काढायला सांगितलं. तो सल्ला आजही तोच देईन.

रॅमचं मात्र तुम्ही शंभर टक्के बरोबर. ९४५जीएम चार जीबी घालून घेतो, पण वापरायला तीन-सव्वातीनच देतो, वरची जागा चिपसेट स्वतःच्या कामाला धरून ठेवतो. तुमच्या जुन्या एक जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. त्यातली एक ठेवून दोनची एकच पट्टी घातली असती तर तीन जीबी झाली असती आणि तुम्हाला फरक जाणवला नसता. दुसऱ्या पट्टीचे ₹४५० आम्ही उगाच घेतले. ते परत. मजुरीचे ₹८०० सुद्धा परत, कारण काम झालेलंच नव्हतं. एसएसडीचे ₹१,७०० परत करणार नाही, ती चालू आहे, तिची वॉरंटी आहे आणि मशीन चालू व्हायला लागणारा वेळ तिच्यामुळंच कमी झालाय, हे तुम्हीच लिहिलंय.

मुलगा मोठा मॉनिटर देणार आहे, असंही तुम्ही लिहिलंत. १९२० बाय १०८० चा घ्या, वर-खाली लावला तर १९२० बाय १८८० होतो, बसतो. त्याहून मोठा, १४४० रेषांचा वगैरे घेऊ नका, तो या चिपला झेपणार नाही. आणि मागं व्हीजीए पोर्ट (मॉनिटरची वायर जोडायची जुन्या पद्धतीची खोबण) आहे का ते दुकानात बघूनच घ्या, नव्या मॉनिटरांना बऱ्याचदा तो नसतो आणि तुमच्या लॅपटॉपला दुसरा पर्याय नाही.

आता चौथी खेप तुम्ही घालायची नाही, मी येतो. रविवारी सकाळी दहानंतर चालेल का, तेवढं पावतीवरच्या नंबरवर कळवा. पोरालाही सोबत आणतोय, त्यानं हे स्वतःच्या हातानं करावं म्हणून. पैसे रोख आणतो. टेबलाची खोली तेवढी मोजून ठेवा. लॅपटॉपच्या मागं दहा इंच जागा असेल तर आमच्या घरचा पाट घेऊन येतो, नसेल तर भिंतीला मॉनिटर अडकवायची पट्टी आणावी लागेल.