नुसती पाटी बदलली नव्हती

एक तक्ता पुन्हा फिरतोय. डावीकडे झ्यूस, आरेस, अथेना. उजवीकडे ज्युपिटर, मार्स, मिनर्व्हा. खाली शेरा: ‘रोमनांनी ग्रीकांचे देव उचलले, फक्त नावं बदलली.’

नावांपासूनच बघू. ज्युपिटर हे झ्यूसचं बदललेलं नाव नव्हे. त्यातला ‘पिटर’ म्हणजे पिता. ऋग्वेदातला द्यौष्पिता, ग्रीकांचा झ्यूस आणि हा, तिघंही एकाच जुन्या मुळातून आलेले, चुलतभाऊ म्हणा. उलट जो देव खरोखर ग्रीकांकडून आणला, त्या अपोलोचं नाव रोमनांनी बदललंच नाही! रोगाची साथ आली तेव्हा त्याला नवस बोलले आणि इ.स.पू. ४३१ मध्ये देऊळ बांधलं.

‘मार्स म्हणजे आरेस’ हे तर फारच ढोबळ. होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यात खुद्द झ्यूस युद्धदेव आरेसला सांगतो की सगळ्या देवांत मला तुझाच सर्वांत जास्त तिटकारा आहे. रोममध्ये मार्स हा नगरीचा संस्थापक रोम्युलस याचा बाप, मार्च महिना त्याच्या नावाचा. युद्धाचा देव तो होताच, पण शेताचाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकात केटो या रोमन मुत्सद्द्याने शेतीवर लिहिलेल्या पुस्तकात त्याची प्रार्थना दिली आहे. डुक्कर, मेंढा आणि बैल शिवाराभोवती फिरवायचे आणि म्हणायचं: बाबा मार्स, दिसणारे-न दिसणारे रोग दूर ठेव, धान्य, द्राक्षमळे वाढू देत, गुराखी आणि गुरं सांभाळ, मला, माझ्या घरादाराला आरोग्य दे. कोकणात राखणदाराला घातलेलं गाऱ्हाणंच वाटावं. आरेसपुढे असलं कोण बोलणार?

बरं, तक्त्यात जागाच न मिळालेल्यांचं काय? दोन तोंडांचा, दारांचा देव जेनस. प्रार्थनेत पहिलं नाव त्याचं. ग्रीकांकडे तुझ्यासारखा देव नाही, असं रोमन कवी ओव्हिड त्यालाच म्हणतो. आणि रोबिगस, गव्हावरच्या तांबेऱ्याचा देव! २५ एप्रिलला त्याला कुत्र्याचा बळी देत.

उसनवारी झालीच नाही असं मात्र कुणी म्हणू नये. कथा, मूर्तींची ठेवण, नातीगोती भरपूर घेतली. इ.स.पू. २१७ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने इटलीतल्या ट्रॅझिमीन तळ्याकाठी धूळ चारल्यावर रोमनांनी बारा देवांना मेजवानी दिली, जोड्या लावून. त्यात समुद्रदेव नेपच्यूनशेजारी मिनर्व्हा. रोमन कथांत ही जोडी कुठून जमणार? ती ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन आणि अथेनाची, अथेन्स कुणाचं यावरून भांडलेल्या दोघांची.