हब लॉक केले म्हणजे फोर बाय फोर लागलं असं नाही

पिकअपला मॅन्युअल लॉकिंग हब (पुढच्या चाकाच्या मधोमध बसणारी, हाताने डायल फिरवून लॉक करायची जोडणी) बसवणाऱ्यांना हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो: ‘हब लॉक ठेवून डांबरी रस्त्यावर गेलात तर गिअरबॉक्स फुटलाच समजा.’ हे चुकीचं आहे, आणि या भीतीपोटी लोक हब मोकळे ठेवतात आणि चिखलात रुतल्यावर मग खाली उतरून गुडघाभर पाण्यात डायल शोधत बसतात.

हब फक्त पुढचं चाक त्याच्या ॲक्सल शाफ्टला जोडतो. इंजिनाची ताकद पुढे जाते ती ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर फोर बाय फोरमध्ये टाकल्यावरच. लिव्हर टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) असेल तर हब लॉक असूनही शाफ्ट, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) नुसते फिरतात. थोडं डिझेल जास्त, थोडी झीज, बस्स. नुकसान होतं ते कोरड्या रस्त्यावर फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद) चालवल्याने. मात्र दोन्ही हब लॉक हवेत. एकच केला, तर साध्या डिफरन्शियलमध्ये मोकळ्या बाजूचा शाफ्ट गरगरतो आणि पुढची दोन्ही चाकं ओढतच नाहीत.

‘व्हीलकॅप फेकूनच द्यावी लागते’ हेही खरं नाही. हब बाहेर येतो म्हणून कॅप बसत नाही, एवढंच. मधोमध गोल भोक पाडा, पण हबच्या मापाचं नको. डायल चिमटीत धरून फिरवता येईल इतकी जागा सोडा. ब्रेकच्या उष्णतेने हब तापतो, प्लास्टिक त्याला टेकता कामा नये. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर तिथूनच तडा जातो.