तिसऱ्या पाइपला बूच मारणाऱ्यांसाठी

‘स्किड स्टिअरवाल्यांनी वाचाच’ असा एक मेसेज फिरतोय. स्किड स्टिअर म्हणजे आपण ज्याला बॉबकॅट म्हणतो ते छोटं लोडर मशीन. भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, सेकंडहँड मिलिंग ड्रम (रस्ता खरवडणारा) स्वस्तात मिळतोय, घेऊन टाकू?’ म्हणून हे लिहिणं आलं. मेसेज थोडक्यात असा: बकेट, ड्रम वगैरे अटॅचमेंट जोडायची प्लेट जगभर एकच, म्हणून कुठलीही अटॅचमेंट कुठल्याही बॉबकॅटला चालते. तिसरा बारीक पाइप असेल तर त्याला बूच मारा, नाहीतर टी टाकून रिटर्नमध्ये जोडा. जोर कमी पडला तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा) दोन फेरे आवळा. हाय फ्लो, म्हणजे जास्त ऑइल देणाऱ्या, मशीनवर सगळंच जास्त ताकदीने चालतं. आणि मशीनची उचलायची क्षमता ८०० किलो लिहिली असेल तर ८०० किलो बिनधास्त उचला.

प्लेटचं अर्धं खरं आहे. आयएसओ २४४१० हे स्किड स्टिअरला अटॅचमेंट जोडण्याचं मानक आहे आणि मेसेजवाल्याने त्याचा आकडा छातीठोकपणे दिलाय. त्यामुळेच एका कंपनीची बकेट दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर बसते, हे कबूल. पण ते मानक प्लेटच्या जोडणीपुरतं आहे. ऑइल किती लिटर, किती प्रेशरने आणि किती वाटांनी जायला हवं, हा त्याचा विषयच नाही. म्हणजे ज्याचा दाखला दिलाय, तोच दाखला प्लेटच्या पुढे एक इंच जात नाही. शिवाय उभ्याने चालवायच्या छोट्या मशीनची प्लेट वेगळी असते, आणि वर्कशॉपमध्ये अंदाजाने कापलेल्या प्लेटी कुठल्याच मानकात नसतात. बसवल्यावर दोन्ही वेज (लॉकच्या पाचरी) खालच्या खाचांतून पूर्ण बाहेर आलेत का, हे खाली उतरून डोळ्यांनी बघायचं. मग बकेटचं टोक जमिनीला टेकवून पुढची चाकं किंचित उचलायची. प्लेट हलली तर लॉक लागलेलं नाही.

आता तो तिसरा पाइप. हा सल्ला ज्याने लिहिला त्याने पिस्टन मोटर उघडलेली कधी पाहिली नसावी.

मिलिंग ड्रम, मल्चर (झुडपांचा भुगा करणारा), व्हील सॉ (चर कापणारं चाक) यांच्यात बहुतेकदा पिस्टन मोटर असते. पिस्टन आणि बोअर यांच्या फटीतून थोडं ऑइल सतत झिरपतं. हा बिघाड नाही, त्या झिरपण्यावरच आतले भाग वंगण घेतात. ते ऑइल मोटरच्या खोक्यात जमतं आणि तिसऱ्या पाइपने, म्हणजे केस ड्रेनने, थेट टाकीत जातं. खोक्याला बाहेरच्या बाजूने अडवणारं असतं फक्त शाफ्टचं रबरी सील, आणि ते दोन-पाच बारांपलीकडचं प्रेशर सोसायला बनवलेलंच नसतं. ४० मिलिमीटरचा शाफ्ट आणि ६० मिलिमीटरचं सील धरा. खोक्यात १० बार झाले तर सीलवर सुमारे १६० किलोचा रेटा येतो. बूच मारल्यावर प्रेशर १० वर थांबत नाही, ते वर्किंग प्रेशरकडे चढत जातं. मग सील उडतं. सीलने धरून ठेवलंच तर खोकं तडकतं, आणि ते जास्त महाग पडतं.

टी टाकून रिटर्नमध्ये जोडण्याची युक्ती ऐकायला शहाणी वाटते, पण मोटर तीही मारते, फक्त थोडी सावकाश. रिटर्नचं ऑइल कपलर, कूलर, फिल्टर यांतून जातं. पूर्ण फ्लोवर तिथे सहज १० बार आणि थंड सकाळी घट्ट ऑइलवर त्याहून जास्त बॅक प्रेशर असतं. ते टीमधून उलटं खोक्यात शिरतं. म्हणून ड्रेनचा पाइप स्वतंत्र हवा, वाटेत काही न अडवणारा, सरळ टाकीत. मशीनला ती वाट नसेल तर टाकीला वेगळं तोंड काढून घ्यावं लागतं. खर्च आहे, पण मोटरपेक्षा कमी.

हेच नुकसान बूच न मारताही होतं. फ्लॅट फेस कपलर सुटा असला की बंद असतो. ड्रेन जोडायचा राहिला किंवा अर्धवट बसला, तर ते बूचच झालं. म्हणून जोडताना ड्रेन सगळ्यात आधी, काढताना सगळ्यात शेवटी. शंका असेल तर ड्रेनच्या तोंडाशी ० ते १० बारचा गेज लावून हळूहळू फ्लो वाढवा. काटा मोटरच्या मर्यादेपुढे जायला लागला की तिथेच थांबा.

ब्रेकरला (काँक्रीट फोडणारा हातोडा) आणि सिलिंडरवर चालणाऱ्या ग्रॅपलला ड्रेन लागत नाही, हे खरं. ऑगर (जमिनीत भोक पाडणारा) आणि झाडूच्या ऑर्बिटल मोटरींपैकी काहींना लागतो, काहींना नाही. मोटरच्या प्लेटवरचा नंबर वाचून ठरवायचं. मेसेजवाल्याने बहुधा ब्रेकरवर पाहिलेलं सगळ्यांवर चिकटवलं.

रिलीफ व्हॉल्व्ह आवळण्याबद्दल. प्रेशरने जोर मिळतो, फ्लोने वेग. अटॅचमेंट हळू फिरत असेल तर आवळून वेग येणार नाही. आधी ऑक्झिलरी कपलरला, म्हणजे अटॅचमेंटला ऑइल देणाऱ्या तोंडाला, फ्लोमीटर लावा आणि पूर्ण थ्रॉटलवर लोड देत १५० बारपर्यंत न्या. फ्लो पाचव्या हिश्शाहून जास्त पडला तर पंप झिजलाय, व्हॉल्व्हचा दोष नाही. रिलीफ कंपनीच्या आकड्यावर आहे का, हे गेज लावून बघायचं, फेरे मोजून नव्हे. आणि ड्रम अडकलेला असताना पेडल दाबून धरू नका. ७० लिटर, २१० बार म्हणजे साडेचोवीस किलोवॅट, सगळी उष्णता. ४० लिटर ऑइल असेल तर कूलरचा हिशेब सोडून मिनिटाला वीसेक अंश चढतं.

हाय फ्लोचं गणितही तेवढंच: बार गुणिले लिटर भागिले ६०० म्हणजे किलोवॅट. ती ताकद घ्यायला समोरची अटॅचमेंट तशी बनलेली हवी. ४० ते ७० लिटरच्या ब्रेकरला ११० लिटर दिले तर ठोके वाढतात, पण ऑइल तापतं, ॲक्युम्युलेटरचा (ब्रेकरमधल्या गॅसच्या कप्प्याचा) डायफ्राम फाटतो, टाय रॉड तुटतात. उलट १०० लिटरच्या ड्रमला ६५ दिले तर तो दर दोन हातांवर अडकतो. इलेक्ट्रिकचा प्लगही बघा. काही मशीनवर १४ पिनांचा असतो, काहींवर ८. पिना जुळल्या म्हणून वायरिंग जुळतंच असं नाही.

८०० किलोचं एका दमात: चाकांच्या स्किड स्टिअरचा तो आकडा टिपिंग लोडच्या (ज्या वजनाला मशीन पुढे कलंडतं त्याच्या) निम्म्यावर धरतात, ट्रॅकच्या मशीनला ३५ टक्के. तोही बकेट धरून. जड अटॅचमेंट लावली की तिचं जादा वजन त्यातून वजा होतं, आणि फोर्कवर ओझं पुढे सरकतं म्हणून आणखी कमी.

भाच्याच्या मशीनचा स्टँडर्ड फ्लो ६५ लिटर आहे, ड्रमच्या प्लेटवर ९० ते १२० लिहिलंय. इथेच विषय संपायला हवा होता. तरी जाहिरातीतला फोटो मोठा करून पाहिला. ड्रमला दोनच पाइप लोंबतायत, आणि मोटरच्या तिसऱ्या तोंडाला नवाकोरा षटकोनी प्लग आहे.