सेन्सेक्स स्वतः ‘होल्ड’ करत नाही

बाजार जरा हलला की एक मेसेज हमखास फिरतो. गेल्या आठवड्यात तो सांगलीतल्या आमच्या गणपती पेठेच्या ग्रुपवर पुन्हा आला. थोडक्यात मजकूर असा: सेन्सेक्स १०० वरून ८०,००० च्या पुढे गेला, म्हणजे बाजार शेवटी वरच जातो. अमळनेरकरांनी विप्रो धरून ठेवला, कोट्यधीश झाले. विकलं नाही तोवर तोटा नाही. आणि मधेच बाहेर पडलात तर तेजीचे मोजके दिवस हुकतील. तेव्हा घ्या आणि विसरा. खाली जोडलेले हात.

मी स्वतः शेअर वर्षानुवर्षं बाळगणाऱ्यांतला. तरी या मेसेजला ‘लाइक’चा अंगठा देणं जमलं नाही.

आधी सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला निर्देशांक. १९७८-७९ ची पातळी १०० धरली, तो त्याचा आधार; निर्देशांक प्रत्यक्ष सुरू झाला १९८६ मध्ये. तेव्हाच्या तीस कंपन्यांत अँबॅसडरवाली हिंदुस्थान मोटर्स होती, पद्मिनीवाली प्रीमियर ऑटोमोबाईल्स होती. आज यादीत दोन्ही नाहीत. मागे पडली ती काढायची, पुढे आली ती घ्यायची, हे काम सेन्सेक्स चाळीस वर्षं करतोय. ज्याचा दाखला देऊन आपल्याला ‘विसरा’ सांगतात, तो स्वतः काहीच विसरत नाही. निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या इंडेक्स फंडात ही छाटणी आपोआप होते, मान्य. पण ग्रुपवरचे बहुतेकजण इंडेक्स फंड नव्हे, कुणीतरी कानात सांगितलेला शेअर धरून बसलेत.

आणि ‘शेवटी’ म्हणजे कधी? हर्षद मेहताच्या तेजीत, एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर होता. एप्रिल २००३ मध्ये तो ३,००० च्या आसपास घुटमळत होता. अकरा वर्षांत पहिलीतलं पोर दहावी ओलांडतं. जपानच्या निक्केई निर्देशांकाला डिसेंबर १९८९ चा उच्चांक पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. १९८९ मध्ये चाळिशीत पैसे घातलेला जपानी माणूस आज पंचाहत्तरीला टेकलाय.

अमळनेरची गोष्ट खरी आहे, आणि सुंदरही. पण विप्रोचा तेलाचा कारखाना त्यांच्या गावातच होता, त्यांना कंपनी डोळ्यांसमोर दिसत होती. शिवाय ज्यांनी तेवढ्याच श्रद्धेने दुसरं काही धरून ठेवलं, त्यांचे मेसेज कोण फिरवणार? जेट एअरवेजचा शेअर २००५ मध्ये १,१०० रुपयांना विकला गेला. २०१९ मध्ये विमानं जमिनीवर आली, आणि प्रवासी सेवा पुन्हा सुरू झालीच नाही.

‘विकलं नाही तोवर तोटा नाही’ हे वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त टोचतं. घरकर्ज देणाऱ्या दिवाण हाउसिंगच्या भागधारकांनी काही विकलं नव्हतं. २०२१ मध्ये कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली आणि त्यांच्या शेअरची किंमत शून्य झाली. येस बँकेत तर मार्च २०२० मध्ये शंभरपेक्षा जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. विकायचं ठरवलं तरी सोय नाही.

पण खरी अडचण कंपनी बुडण्याची नसते, आपल्याला पैसे कधी लागतात याची असते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. माझ्या दुकानातला वह्या-कागदाचा माल लगदा झाला. विम्याचे पैसे येतील तेव्हा येतील, पुन्हा माल भरायला रोकड त्याच महिन्यात हवी होती. सेन्सेक्स जूनमध्ये ४०,००० च्या वर जाऊन आला होता, पण माझ्याकडचे बहुतेक शेअर स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचे, आणि ते जानेवारी २०१८ पासून घसरणीला लागलेले. निम्म्या भावात विकले. पुढे त्यांतले दोन खूप वर गेले. मेसेजप्रमाणे चूक माझीच, मी धीर धरला नाही! धीर होता हो, चिखलातलं दुकान उभं करायला रोकड नव्हती.

एक साधं गणितही आहे. शंभराचे पन्नास झाले तर परत शंभर व्हायला ५० टक्के नव्हे, १०० टक्के वाढ लागते.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांची, आठवण इथे निघतेच. जमिनीखाली हळद वर्षंच्या वर्षं टिकायची, म्हणून काय व्यापारी भाव विचारायचं सोडायचे? २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं तेव्हा ‘मी विकली नाही, म्हणून तोटा नाही’ असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

राहिले तेजीचे मोजके दिवस. हा मुद्दा निम्मा बरोबर आहे. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळला आणि ७ एप्रिलला २,४७६ अंकांनी उसळला. मोठी पडझड आणि मोठी उसळी अशी एकमेकींना चिकटून येतात. एक चुकवून दुसरी पकडणं कुणाच्या हातात नाही. म्हणून रोज आत-बाहेर करण्याच्या मी विरोधातच आहे. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, दहातल्या नऊ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा होतो, हे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच दाखवलंय. पण रोज विकू नका याचा अर्थ कधीच बघू नका असा होत नाही.

पुरानंतर मी एक वही घातली. पाच वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये नाही, तो ठेवीत. प्रत्येक शेअरसमोर एक ओळ: का घेतला. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या वह्या काढतो तेव्हा हीही काढतो, आणि ज्या ओळीतलं कारण उरलेलं नाही तो शेअर विकतो, तोट्यात असला तरी. गेल्या दिवाळीत दोन ओळी खोडल्या. एकीसमोर लिहिलं होतं, ‘मेव्हण्यांनी सांगितलं.’